अंबाड्यातलं नस्तर

आत्याबाईंना मराठी शिकवायला साहेबांनी पुण्याहून एक शास्त्रीबुवा आणवले होते. ते दिवाळीनंतर आले आणि संक्रांतीच्या आत परत गेले. सकाळी शास्त्रीबुवा व्हरांड्यात बसून विभक्तिप्रत्यय शिकवीत, आणि दुपारी आत्याबाई बंगल्यामागच्या चुलीपाशी गाडीवाल्यांत आणि पाणी भरणाऱ्या ठकूजवळ बसून ते सगळं साफ विसरून येत. शास्त्रीबुवांचं 'आपण कोठे निघालात?' कानापर्यंत पोहोचे. ठकूचं 'कुटं चाललीस गं?' मात्र थेट जिभेवर जाऊन बसे. शास्त्रीबुवा निरोप घ्यायला आले तेव्हा आत्याबाई त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेल्या आणि मोठ्या मायेने त्यांनी विचारलं, "जेवलास का रं?" चौक गावापासून कर्जत स्टेशनापर्यंत शास्त्रीबुवा एक अक्षर बोलले नाहीत, असं गाडीवान पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगत असे.

आत्याबाई म्हणजे आमच्या मिशनच्या पाद्रीसाहेबांची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं. साहेबांची मुलं त्यांना आत्या म्हणत, ते नोकरांनी उचललं, नोकरांकडून गावाने उचललं, आणि शेवटी साहेबसुद्धा आपल्या सख्ख्या बहिणीला आत्याबाई म्हणू लागले. मिशनच्या पगारपत्रकावर त्या कुठेच नव्हत्या. भावाच्या संसाराला हातभार लावायला म्हणून आल्या, आणि संसार सोडून बाकी सगळ्याला त्यांचा हात लागला.

आम्ही घाटावरचे, नगरकडचे. मास्तरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, मिशनने इकडच्या शाळेवर नेमलं तेव्हा आम्ही बोरघाट उतरून आलो. बंगला चौक आणि लोधिवलीच्या मध्ये, सडकेपासून थोडा आत, मागे प्रबळचा डोंगर. बंगल्याच्या आवारातच आमची खोली. मी आले तेव्हा माझी ओटी रिकामी होती. पहिला मुलगा नगरला देवीच्या साथीत गेला होता, आणि मी कुणाशी धड बोलत नसे. सामान उतरवत होतो तोच ही उंच, लाल चेहऱ्याची बाई पुरुषी बूट वाजवत आली आणि "जेवलीस का गं?" म्हणाली. मी 'हो' म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली, आणि स्वतःच्या ताटातली तांदळाची भाकरी आणि फोडलेला कांदा घेऊन आली. मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. मग जमिनीवर बैठक मारून म्हणाली, "आता सांग." मुलगा गेल्यापासून मी रडले नव्हते, ती त्या दिवशी रडले. गोऱ्या बाईपुढे पहिल्याच दिवशी असं रडल्याबद्दल मास्तर मला रागावले, पण मला फार हलकं वाटलं.

साहेबांची मराठी शुद्ध होती. इतकी शुद्ध, की आठवड्याच्या बाजारात ते वडाखाली उभे राहून बोलू लागले की शेतकरी मुंडाशी सावरून ऐकत आणि एक शब्द कळत नसे. आत्याबाई पुढच्या बाकावर बसलेल्या असत. साहेबांचं एखादं लांबलचक वाक्य संपलं की त्या मागे वळून सांगत, "म्हंजी असं बगा, तो म्हंतो का शेजाऱ्याशी भांडू नका." माणसं हसत, माना हलवत. साहेब बिचारे थांबून राहत. त्यांना राग यायचा की आधार वाटायचा, हे मला कधीच कळलं नाही. मात्र बहीण आजारी असली की त्या दिवशी प्रवचन फार लवकर आटपे.

स्वतः आत्याबाई उपदेश करत नसत. कुणी धर्माचं विचारलं तर सांगत, पण आपण होऊन नाही. मास्तरांनी एकदा त्यांना धीर करून विचारलं, की बाई, एवढी माणसं औषधाला येतात, दोन शब्द का सांगत नाही? तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी हात, मंग तोंड." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वयंपाक्याला, शाळेतल्या पोरांना, एकदा तर मुंबईहून पाहणीला आलेल्या मोठ्या पाद्र्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

त्यांचे वडील त्यांच्या मुलखात डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली मुलगी देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, शिकली होती. वडिलांचं नस्तर, म्हणजे टोचायची बारीक सुरी, हस्तिदंती म्यानात घातलेलं, बोटाएवढं लांब, त्या नेहमी आपल्या अंबाड्यात खोचून ठेवत. नवीन माणसाला ते दागिन्यासारखं वाटे. एका इनामदारीणबाईंनी हौसेने विचारलं, की हे तुमच्याकडचं फूल का? आत्याबाईंनी ते उपसून पात्याची धार दाखवली, आणि बाई भिऊन फणसाच्या आडोशाला गेल्या. त्याखेरीज त्यांची काळी छत्री. पावसापेक्षा तिचा उपयोग इतरच जास्त: कुत्री हाकायला, पाताळगंगेचं पाणी किती खोल आहे ते पाहायला, आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलाला हलकेच टोचायला. तिची एक काडी मोडली होती, ती त्यांनी बांबूची बसवून घेतली होती.

वैशाखात मडमसाहेब मुलांना घेऊन माथेरानला जात. बंगल्यावरून माथेरानचा कडा दिसे, आणि संध्याकाळी मडमसाहेबांना तिकडे पाहून उसासा टाकायची सवय होती. आत्याबाईंना त्या दर वर्षी बोलवत आणि आत्याबाई दर वर्षी नाही म्हणत. "वर गार वारा हाय," म्हणत, "पर मानसं खाली हायत." मग दुपारी बैलगाडीच्या सावलीत चटई टाकून घोरत. पंख्याखाली झोप येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

प्रार्थनेचं तर विचारूच नका. आम्ही सगळे डोळे मिटून, मान खाली घालून बसायचो. आत्याबाई डोळे उघडे ठेवून वर बघत आणि देवाशी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यासारखं बोलत. तेही मराठीत. साहेबांनी एकदा बजावलं की परमेश्वराला अरेतुरे शोभत नाही. त्यांचं म्हणणं असं की गाडीवान आपल्या आईबापाला अरेतुरे करतो, बैलालाही करतो, आणि गावच्या मामलेदाराला मात्र आहोजाहो करतो. मग देव जवळचा की मामलेदार?  साहेबांनी यावर उत्तर दिलं, पण ते शुद्ध मराठीत होतं.

पण त्या चुकल्या नाहीत असं नाही. आल्या त्या पहिल्याच वर्षी एका कुणब्याच्या घरी देवी आल्या होत्या. आपल्याकडे घरात देवी असली म्हणजे किती पथ्यं: फोडणी द्यायची नाही, पायताण घालून आत यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, दारात कडुलिंबाचा टहाळा. आत्याबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या बूट वाजवत सरळ आत शिरल्या, खिडकीवरचं फडकं काढून टाकलं, मुलाच्या अंगावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मूल गेलं. ते जाणारच होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ती आई दारात येऊन एवढंच म्हणाली, की बाई, तू पायताण घालून आलीस. आत्याबाई तिच्याशी वाद घालायला गेल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही घराच्या उंबऱ्यावर बूट काढायला सुरुवात केली. देवी असोत वा नसोत, घर पाटलाचं असो की कातकऱ्याची झोपडी. आत जाऊन जमिनीवर बसायचं आणि घरची बाई बोलेपर्यंत गप्प राहायचं. मुंबईच्या मोठ्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू, तिथेही त्यांनी पायरीवर बूट काढून ठेवले, आणि मडमसाहेबांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ज्या वर्षी मला ही माणसं खरी कळली, त्या वर्षाचं सांगते. माझी सगुणा तेव्हा रांगत होती. मडमसाहेबांचं शेवटचं बाळ तिच्याच वयाचं. मडमसाहेबांची याआधीची दोन मुलं बंगल्यामागे बकुळीखाली होती, दोन लहानसे दगड लावलेले. त्यामुळे या बाळाला त्या वाराही लागू देत नसत.

त्या काळी देवीची लस आजच्यासारखी तयार येत नसे. एका मुलाच्या दंडावर देवी काढायची. आठव्या दिवशी फोड भरून आला की त्यातली लस नस्तराच्या टोकावर घेऊन दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचायची. अशी ती दंडावरून दंडावर चालत राही. एकदा साखळी तुटली की मुंबईहून काचेच्या नळीत वाळलेली लस मागवावी लागे, आणि ती आमच्या उन्हात बहुतेक मरूनच पोहोचे. त्या वर्षी देवी काढणारा सरकारी माणूस तापाने पडला आणि साखळी तुटली. आत्याबाईंनी नळ्या मागवल्या. जिथे जिथे आया तयार झाल्या तिथे त्यांनी मुलांना टोचलं. माझ्या सगुणेला दोनदा टोचलं. खाली कुणालाच फोड उठला नाही. साहेबांच्या बाळाला तेवढं टोचलं नव्हतं, कारण मडमसाहेब विलायतेहून कुणीतरी पाठवणार असलेल्या ताज्या लशीची वाट पाहत होत्या.

आणि पनवेलला देवी आल्याची बातमी आली. शिमगा तोंडावर आलेला. शिमग्याला मुंबईच्या गिरणीतली, गोदीतली माणसं घरोघर परत येणार आणि बरोबर साथ आणणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी सगुणेला कडेवरून खाली ठेवेना. तिच्या अंगाला जरा कढत लागलं की मी तिला दिव्यापाशी नेऊन अंगभर पुरळ शोधत बसे. एक मूल मी तसं पाहिलं होतं. दुसरं पाहण्याची माझ्यात ताकद नव्हती.

टोचलेल्या सगळ्या मुलांत एकाला मात्र देवी उठली. प्रबळच्या उतारावर कातकऱ्यांची वाडी होती, तिथल्या पवळी नावाच्या बाईच्या पोराला, चैत्याला. आत्याबाईंना हे कळलं त्या दिवशी त्या बंगल्याभोवती एकट्याच फिरत देवाशी बोलत होत्या. आठव्या दिवशी आम्ही दोघी सगुणेला घेऊन डोंगर चढलो.

पवळी झोपडीपुढे बसली होती आणि तिने चैत्याचा दंड पदराखाली झाकून धरला होता. कातकऱ्यांची बोली निराळी. मला निम्मी कळे, आत्याबाईंना सगळी. बराच वेळ दोघी बोलल्या. मग आत्याबाईंनी मला सांगितलं. मागे सरकारी माणसाने पवळीच्या थोरल्या मुलाच्या दंडातून लस नेली होती. ती खालच्या गावांना दिली, आणि पुन्हा तो माणूस वर फिरकला नाही. मुलाचा हात सडला, मूल गेलं. खालची माणसं घेऊन जातात आणि परत बघायला येत नाहीत, असं तिचं म्हणणं. तेव्हा तिची अट एकच होती: तिच्या चैत्याची देवी साहेबांच्या पोराला लावणार असाल तर घ्या. साहेबांच्या पोराला लावली म्हणजे साहेब वर येऊन बघतील. नाहीतर नको.

मी सगुणेला पुढे केलं. माझ्या पोरीला लाव म्हटलं, मी रोज वर येऊन बघीन. पवळीने सगुणेच्या गालाला हात लावला. तिला वाईट वाटलं असावं. पण तिने मान हलवली. माझ्या येण्याजाण्याने सरकार हलत नाही, हे तिलाही कळत होतं. फोड फार तर उद्यापर्यंत कामाचा, मग त्यातली लस गढूळ होते. आम्ही उतरलो तेव्हा मला पायाखालचं दिसत नव्हतं. आत्याबाई पुढे छत्रीने वाट चाचपत चालल्या होत्या, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मडमसाहेब नाही म्हणाल्या. त्यांना दोष देऊ नये. नस्तराच्या टोकावर देवीबरोबर दुसरे रोगही जातात, हे त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं आणि ते खोटं नव्हतं. कातकरी म्हणजे उंदीर खाणारे, कधी अंघोळ न करणारे, असंही त्या म्हणाल्या; ते मात्र ऐकीव होतं. साहेब बायकोकडून बहिणीकडे आणि बहिणीकडून बायकोकडे जात राहिले आणि शेवटी पवित्र शास्त्र उघडून बसले.

आत्याबाईंनी वाद घातला नाही. मडमसाहेबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांनी बूट काढले, छत्री बाजूला ठेवली, आणि दाराबाहेर जमिनीवर बसल्या. देवीच्या घरात बसत तशाच, घरची बाई बोलेपर्यंत गप्प. त्या तशा का बसल्या आहेत हे मडमसाहेबांना पुरतं ठाऊक होतं. दिवेलागणीला मी सगुणेला घेऊन तिथून गेले तेव्हा मडमसाहेबांनी मला आत बोलावलं. त्या माझ्याशी क्वचितच बोलत. मोजून मापून शब्द जुळवत त्यांनी विचारलं, की तू तुझे मूल देशील काय?

मी म्हटलं, "मडमसाहेब, मी एक पुरलाय. तुम्ही दोन पुरलेत. माझ्या पोरीला आधी लावायला मी तयार आहे. पण ती बाई तुमच्या बाळावाचून देत नाही."

 सकाळी बाळाला टोपडं घालून मडमसाहेब स्वतः बाहेर आल्या. साहेबांनी डोली सांगितली होती, तीत बसल्या नाहीत. साटीनचे बूट घालून त्या सगळा डोंगर चढल्या, दोनदा पडता पडता वाचल्या, आणि बाळ कुणाच्या हाती दिलं नाही. वाडीतली माणसं झोपड्यांतून बाहेर येऊन बघत राहिली. पवळीने हात पुढे केले. मडमसाहेबांनी क्षणभर आत्याबाईंकडे पाहिलं आणि बाळ पवळीच्या मांडीवर दिलं. तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं, काखा पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. साहेबाचं पोर झालं म्हणून काय, आपल्या पोराच्या देवीला ते लायक आहे की नाही हे तिला बघायचं होतं. मडमसाहेबांचा चेहरा असा झाला, की इतक्या काळजीतही मला हसू आलं.

मग आत्याबाईंनी अंबाड्यातलं नस्तर उपसलं.  चैत्याच्या दंडातून लस घेऊन त्यांनी आधी साहेबांच्या बाळाला टोचलं, मग सगुणेला, आणि वर बघून म्हणाल्या, "बगतोस ना रं?" तेवढंच. ती मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यांत चांगली प्रार्थना.

वाडीतली रीत अशी, की एकाची देवी दुसऱ्याला लागली की ती दोघं एका देवीची लेकरं, म्हणजे भावंडं. पवळीने काळा दोरा तोडून चैत्याच्या आणि साहेबांच्या बाळाच्या मनगटाला बांधला. सगुणा तेव्हा रडून रडून निळी पडली होती, तिला घेऊन मी लांब आंब्याखाली गेले होते. आत्याबाईंनी पवळीला शब्द दिला की या पोराला दर शिमग्याला वर आणून दाखवीन. हा शब्द त्यांनी पाळला. मूल सात वर्षांचं होऊन विलायतेला शाळेत जाईपर्यंत एकही शिमगा चुकवला नाही.

दोघांनाही देवी उठली. आणि पुढच्या आठव्या दिवशी, साहेबांचं बाळ आत्याबाईंच्या कडेवर आणि माझी पोर माझ्या कडेवर, अशा आम्ही नदीपलीकडच्या गावी पाटलांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो. तिथे सगळा गाव जमलेला. गावात हाकाटी उठली होती की पाद्र्याच्या पोराची लस टोचली की पोरगं बाटतं, घरात येशू येशू करतं. ते निस्तरणंच कठीण, आणि त्यात आत्याबाईंना पाटलांच्या आईने विचारलं की ही देवी मूळची कुठली. मी त्यांचा झगा ओढला. साहेबांचं बाळ समोर होतं, त्यामागचं कुणाला ठाऊक नव्हतं, गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. पण ही बाई कुठली गप्प राहायला.

"कातकऱ्याच्या पोरापास्नं साहेबाच्या पोराला," त्या म्हणाल्या, "आन् साहेबाच्या पोरापास्नं तुमच्या. खोटं बोलून मी तुमच्या पोराला हात लावनार नाय."

अर्धं अंगण तिथल्या तिथे रिकामं झालं. पाटलांची आई मात्र बसून राहिली. तिच्या तोंडावर देवीचे वण होते आणि एक डोळा गेलेला. ती म्हणाली, की आधी कडुलिंबाखालच्या देवीची ओटी भर, मग पोराला हात लाव. आत्याबाईंनी तिलाही खरंच सांगितलं: ओटी मी भरणार नाही, माझ्या देवाला ते चालत नाही. तू भर. तुझं होईस्तोवर मी अनवाणी उभी राहीन. आणि त्या उभ्या राहिल्या. भर दुपारी, तापलेल्या मातीवर, म्हातारीने खण-नारळ ठेवून, दिवा लावून, सगळं सावकाश आटपेपर्यंत. म्हातारी मुद्दाम वेळ लावत होती, हे मला दिसत होतं. शेवटी ती उठली, आत्याबाईंच्या लाल झालेल्या पायांकडे तिने पाहिलं, आणि आपल्या धाकट्या नातवाला स्वतः उचलून आणलं.

"तूच धर गं याला," ती मला म्हणाली. "मी दिवा राखते."

तिच्या मागून आणखी काही घरं आली, काही आली नाहीत. शिमग्याला साथ आली. जी घरं आली नव्हती तिथली रड आम्ही नदीच्या या काठावरून ऐकली, आणि आत्याबाई त्या घरांतही गेल्या, बूट उंबऱ्याबाहेर काढून. माझी सगुणा वाचली. 

आत्याबाई गेल्या त्या एका भाद्रपदात, हिवतापाने. शेवटच्या दिवशी पनवेलहून डॉक्टर आले, नाडी पाहायला वाकले, तर त्यांनाही विचारलं, की जेवलास का रं. छत्री त्यांनी मला दिली. नस्तराचं काही बोलल्या नव्हत्या. ते मडमसाहेबांनी मागून घेतलं, आणि साहेबांचं कुटुंब कायमचं विलायतेला निघालं तेव्हा कर्जत स्टेशनावर मी पाहिलं, ते म्यान त्यांच्या टोपीखाली, अंबाड्यात खोचलेलं होतं.

पुढे मास्तरांची बदली कशेळ्याकडच्या शाळेवर झाली. सगुणा लग्न होऊन गेली, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. एकदा बाजाराच्या दिवशी ती बांगड्यांच्या दुकानाशी बसली होती आणि मी जरा पुढे मधवाल्याकडे उभी होते. मधवाला कातकरी होता, चांगला उंचापुरा तरुण. तो मधाकडे न बघता माझ्या छत्रीकडे, तिच्या बांबूच्या काडीकडे बघत होता.

"ही आत्याबाईची नं?" तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, तू कुणाचा? म्हणाला, पवळीचा, प्रबळच्या वाडीवरला. आता सासुरवाडी इकडे आहे. बाही वर सारून त्याने दंडावरचा देवीचा वण दाखवला. मग इकडे तिकडे बघत, जरा लाजत, त्याने विचारलं, "माजा भाऊ कसा हाय? विलायतेला गेला तो. आत्याबाई होती तवा सांगायची. आता कोन सांगत नाय. मी बाजारात लय जनांना इचारलं."

मला काय ठाऊक? साहेब गेल्यावर कुणाचं काही कळलं नव्हतं. बरा असेल, असं सांगून मोकळी होता आलं असतं. पण हातात त्या बाईची छत्री होती. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही रे. त्यांच्याकडचं काही कळत नाही." त्याने मान हलवली आणि मधाची मडकी उगीच सरळ करू लागला.

तेव्हा मी वळून हाक मारली. सगुणा बांगड्या सोडून, कमरेला हात देऊन, पोट सांभाळत सावकाश आली. काय गं, म्हणाली. मी काही न बोलता तिच्या चोळीची बाही वर केली आणि तिचा दंड त्याच्या दंडाशेजारी धरला.

"त्याच दिवशी, त्याच नस्तराने," मी त्याला सांगितलं. "तुझ्याच दंडावरची देवी. दोरा तेवढा बांधायचा राहिला."

त्याने वाकून दोन्ही वण पाहिले. मग त्याने आपल्या बसायच्या गोणपाटावरचा पाला झटकला, ते तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "बस गं. जेवलीस का?"